सवलती उदंड, पायरी तेवढीच उंच

दिल्लीतील प्रशासकीय सेवांवर अंमल कोणाचा, याचा निर्णय करणारे विधेयक ७ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत मतदानाला आले, तेव्हा माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व्हीलचेअरवर बसून सभागृहात उपस्थित राहिले. त्यांनी तेव्हा वयाची नव्वद वर्षे पार केली होती. विधेयक १३१ विरुद्ध १०२ अशा फरकाने संमत झाले आणि लगेचच उभय बाजूंनी आरोप-प्रत्यारोपांना तोंड फुटले. प्रकृती साथ देत नसलेल्या वयोवृद्ध नेत्याला पक्षाने रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवले, असा ठपका सत्ताधाऱ्यांनी ठेवला. लोकशाहीवरील निष्ठेपोटीच ते आले, असे काँग्रेसने बजावले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप देताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही त्या दिवसाचा गौरवाने उल्लेख केला. डिसेंबर २०२४ मध्ये डॉ. सिंग यांचे निधन झाले आणि तो प्रसंग संसदीय आठवणींच्या कप्प्यात जाऊन बसला.

त्या वादात एक साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. नव्वदीतील एक नागरिक आपले कर्तव्य बजावण्यासाठी घरातून निघून सभागृहातील आपल्या जागेपर्यंत पोहोचू शकला, कारण वाटेत अडेल अशी एकही पायरी नव्हती आणि जेथे होती तेथे हात द्यायला माणसे होती. त्याच राजधानीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा पंच्याहत्तरीचा निवृत्त कारकून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? उतरण्यासाठी पन्नास-साठ पायऱ्या, त्यापुढे मोटारींनी अडवलेला पदपथ, मध्येच उघडे पडलेले गटाराचे झाकण आणि शेवटी बँकेच्या दारातील, कठडा नसलेल्या तीन पायऱ्या. दिल्लीचे अधिकारी कोणाच्या हुकमतीत असावेत यावर संसदेने तासन् तास खल केला. त्या अधिकाऱ्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून म्हातारा माणूस चालू शकतो का, हा प्रश्न त्या चर्चेच्या परिघातच नव्हता.

भारतीय राजकारणाने वार्धक्याकडे आजवर दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी सवलतीची आणि दुसरी कुटुंबाच्या कर्तव्याची. सवलत जाहीर करता येते, तिची जाहिरात करता येते आणि तिचे लाभार्थी मोजता येतात. कुटुंबाचे कर्तव्य तर सरकारच्या तिजोरीला तोशीसही लावत नाही. या दोहोंच्या मधे जे उरते ते शहर. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत ज्येष्ठाच्या पायाखाली जे असते, त्याची जबाबदारी ना सवलतीच्या राजकारणात येते, ना कुटुंबाच्या. ती कोणाचीच नसल्याने कोणालाच तिचा जाब विचारता येत नाही, हे या प्रश्नाचे खरे मूळ आहे.

प्रश्नाचा आकार लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. केरळमध्ये हे प्रमाण साडेबारा टक्क्यांहून अधिक, गोव्यात ११ टक्क्यांच्या पुढे आणि महाराष्ट्रात दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावर होते. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजांनुसार २०३१ पर्यंत ही संख्या १९ कोटींच्या पुढे जाईल. 'तरुणांचा देश' ही घोषणा सर्वच पक्षांच्या व्यासपीठावरून दिली जाते आणि ती आज खोटीही नाही. पण आज ज्या तरुणांच्या नावाने टाळ्या घेतल्या जातात, तेच काही दशकांनी या पदपथांवरून काठी टेकत चालणार आहेत. आज बांधला जाणारा उड्डाणपूल आणि आज मंजूर होणारी वसाहत तेव्हाही उभीच असेल.

याची जाण सरकारी कागदांना नव्हती असे नाही. जानेवारी १९९९ मध्ये जाहीर झालेल्या ज्येष्ठांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात, वसाहतींच्या रचनेत हालचालीला अडथळे नसावेत आणि बाजार, उद्यान, समाजकेंद्र येथे सुरक्षितपणे पोहोचता यावे, असे स्पष्ट म्हटले होते. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वयस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यासाठी जगभरातील ज्या ३३ शहरांत ज्येष्ठांशी बोलून अभ्यास झाला, त्यात नवी दिल्ली आणि उदयपूर ही दोन भारतीय शहरे होती. मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, सन्मान, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि आरोग्यसेवा अशा आठ अंगांनी शहराकडे पाहावे, असे ती मार्गदर्शिका सांगत होती. तिच्या प्रकाशनानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, डिसेंबर २००७ मध्ये, संसदेने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. त्या कायद्यात मात्र शहराला जागाच मिळाली नाही.

माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, हे त्याचे नाव. मुलांनी आई-वडिलांना सांभाळले नाही तर न्यायाधिकरणाकडे दाद मागावी आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवावा, हा त्याचा गाभा. प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम असावा, सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, अशाही तरतुदी त्यात आहेत. निराधार मातापित्यांना त्याचा आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या कायद्याला दिसतो तो घरातून हाकललेला म्हातारा. घरात प्रेमाने ठेवलेला, पण घराबाहेर पडता न येणारा म्हातारा त्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही. कायद्याची व्याप्ती वाढविणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. त्याबद्दल कोणत्याही पक्षाने हळहळ व्यक्त केल्याचे दिसले नाही.

याउलट रेल्वेभाड्यातील सवलतीचा विषय संसदेत सतत गाजत राहिला. साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील महिलांना ५० टक्के मिळणारी सूट २० मार्च २०२० रोजी, करोनाच्या प्रारंभी, थांबविण्यात आली. ती पुन्हा सुरू करावी म्हणून उभय सभागृहांत असंख्य प्रश्न विचारले गेले. स्थायी समितीनेही निदान शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गापुरता विचार करावा, असे सुचविले. प्रत्येक प्रवाशाला सरासरी निम्म्याच्या आसपास सूट दिलीच जाते, हे सरकारचे ठरलेले उत्तर. खासदारांची ही मागणी रास्तच आहे. पण फलाटावरून गाडीच्या डब्यात चढताना लागणाऱ्या उभ्या पायऱ्यांविषयी किती प्रश्न विचारले गेले, हेही त्यांनी स्वतःला विचारून पाहावे.

महाराष्ट्राचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. निर्णय लोकप्रिय ठरला आणि गावोगावच्या आजी-आजोबांनी तो मनापासून स्वीकारला. मात्र साध्या गाडीच्या दारात उभे राहिले की पहिल्या पायरीसाठी दांडा धरून अंग वर ओढावे लागते. ज्याला ते जमते, त्यालाच मोफत प्रवास मिळतो. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला खरे तर आधाराची अधिक गरज आहे, तो फलाटावरच राहतो. तिकिटाची किंमत शून्य झाली तरी पायरीची उंची तेवढीच राहते आणि अखेर पायरीच ठरवते की कोण जाणार.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. सरकारी नोकरीची तीस वर्षे केंद्र सरकारच्या वसाहतींत गेली, निवृत्तीनंतर निवासस्थान सोडावे लागले आणि गाठीच्या पैशातून दिल्ली विकास प्राधिकरणाचा किंवा एखाद्या सहकारी संस्थेचा फ्लॅट घेतला गेला. चार मजल्यांपर्यंतच्या इमारतींना लिफ्टची सक्ती नसल्याने जुन्या वसाहती बहुतांशी जिन्याच्याच आहेत. चाळिशीत घेतलेला तिसरा मजला सत्तरीत कैदखाना होतो. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याचे किंवा नोएडा-गुडगावात नोकरीला आलेल्या अभियंत्याचे आई-वडील अमरावती, सांगली, लातूरहून येथे येतात, तेव्हा त्यांची कुचंबणा आणखी वेगळी असते. गावी सकाळी देऊळ, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचे विरंगुळा केंद्र किंवा पारावरच्या गप्पा, असा त्यांचा दिवस बांधलेला असतो. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे लहान गावांपर्यंत पोहोचलेले आहे आणि त्यांना पायी जाता येईल इतक्या अंतरावर ते असते. राजधानीत मराठी माणसे भेटतात ती पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात. तेथवर जायचे तर मुलाची सुटी आणि मोटार दोन्ही हवे. अशा वेळी सहा महिन्यांसाठी आलेली माणसे दोन महिन्यांत परतीचे तिकीट काढा म्हणतात, त्याला मुलाचा किंवा सुनेचा दोष कारणीभूत असतोच असे नाही. कित्येकदा तो दोष दारासमोरच्या रस्त्याचा असतो.

हा रस्ता कोणाचा, हे विचारू गेल्यास राजधानीच्या कारभाराचा सारा गुंता समोर येतो. साठ फूट व त्याहून रुंद रस्ते २०१२ नंतर प्रामुख्याने दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गल्लीबोळ महापालिकेकडे, ल्युटेन्सच्या दिल्लीतील रस्ते नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे, काही भाग विकास प्राधिकरणाकडे, काही छावणी मंडळाकडे. वाहतुकीचा दिवा पोलिसांच्या अखत्यारीत आणि पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या. पदपथाखालून जाणारी पाण्याची नळवाहिनी जल बोर्डाची, वीजतार वीज कंपनीची. पदपथ खोदायला सारे येतात. तो पूर्ववत करण्याची वेळ आली की प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याकडे बोट दाखविणारे पत्र असते. केंद्रातही तीच तऱ्हा. ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, शहरे गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाकडे, रस्ते आणि रेल्वे आणखी दोघांकडे. ज्या मंत्रालयाकडे ज्येष्ठ आहेत त्याच्याकडे रस्ता नाही, आणि ज्यांच्याकडे रस्ता आहे त्यांच्या खात्यात ज्येष्ठ नाहीत.

नियमांची मात्र वाण नाही. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे कधीपासून सांगतात. दिल्लीत ती कड गुडघ्याला भिडते, कारण रस्त्याच्या पाण्यापेक्षा आणि मोटारींच्या चाकांपेक्षा ती उंच ठेवणे कंत्राटदाराला सोपे पडते. वाहतुकीच्या दिव्याचा हिशेब सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसावर बेतलेला असतो. चोवीस मीटरचा रस्ता तो वीस सेकंदांत ओलांडतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या ज्येष्ठाला त्याच रस्त्याला तीस सेकंद लागतात. उरलेल्या दहा सेकंदांत तो रस्त्याच्या मधोमध असतो आणि गाड्या सुटलेल्या असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचे प्राण गेले, त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते.

कायद्याची बाजूही कमकुवत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करणे बंधनकारक केले. त्याखालील नियमांत मात्र निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवले गेले. दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष निश्चित करण्यास केंद्राला फर्मावले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. वीस वर्षे न्यायालयात झगडून जे मिळाले ते अपंगांच्या चळवळीने मिळवले. त्याचा लाभ ज्येष्ठांनाही होईल. पण ज्येष्ठ स्वतःला त्या चळवळीत मोजत नाहीत. गुडघा वाकत नाही, नजर अधू झाली, तोल जातो, तरी त्यांच्यापाशी अपंगत्वाचा दाखला नसतो आणि तो मागणे त्यांना कमीपणाचे वाटते. आपले वय झाले, आता घरात बसावे, असे ते स्वतःच म्हणतात. ज्या अन्यायाला अन्याय म्हणणारेच कोणी नाही, त्याची दखल राजकारण कशाला घेईल?

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की गरीब वृद्धाला आधी पोटाची भ्रांत आहे. पदपथाचा विचार नंतर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबांसाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दरमहा दोनशे रुपयांवर गोठलेला आहे, हे पाहता या आक्षेपात तथ्य आहे. दोनशे रुपयांची ही रक्कम कोणत्याही सरकारला शोभणारी नाही. पण गरीब वृद्धाकडे मोटारही नसते. रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात आणि निवृत्तिवेतनासाठी बँकेत तो पायीच जातो. पदपथाची सर्वाधिक गरज त्यालाच आहे. दुसरा आक्षेप फेरीवाल्यांचा. पदपथ मोकळे करायचे म्हणजे गरिबांचे ठेले उचलायचे का? घराजवळ भाजीची गाडी असणे हीसुद्धा ज्येष्ठाची सोयच आहे. चालण्याची रुंदी सोडून विक्रीची जागा आखून देण्याची व्यवस्था २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. पदपथ खऱ्या अर्थाने अडवतात त्या बहुधा उभ्या मोटारी, आणि त्यांचे मालक फेरीवाल्यांपेक्षा अधिक वजनदार असतात.

पैशाचे कारण तर टिकतच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि पदपथावर पडून मांडीचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलणार आणि ज्या फुटक्या लादीवर पाय अडकला ती तशीच ठेवणार, हा कोणता हिशेब? पडणे ही म्हातारपणातली किरकोळ घटना नव्हे. अनेकांचे स्वतःच्या पायावरचे आयुष्य त्या दिवशी संपते आणि उरते ते खाटेवरचे.

जे करायचे ठरवले जाते ते होते, याचे पुरावे राजधानीतच आहेत. डिसेंबर २००२ मध्ये दिल्ली मेट्रो धावू लागली, तेव्हापासून स्थानकांत लिफ्ट, रॅम्प आणि अंधांसाठी उठावाच्या लाद्या आहेत, कारण त्या मूळ आराखड्यातच होत्या आणि जबाबदार यंत्रणा एकच होती. मेट्रोचे आवार संपून पालिकेचा पदपथ सुरू होतो, तेथे ही सुगमताही संपते. दुसरा पुरावा निवडणूक आयोगाचा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदारयादीत पंच्याऐंशी ओलांडलेले सुमारे ८२ लाख मतदार होते. त्यांना घरून मतदानाची मुभा मिळाली. मतपेटी घेऊन कर्मचारी त्यांच्या पलंगापर्यंत गेले. मतदान केंद्रांवर रॅम्प व व्हीलचेअरची सोय झाली. जी शासनयंत्रणा एका मतासाठी जिने चढू शकते, ती पाच वर्षांत कधीच दारातील पायरी उतरती करू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही.

मार्ग कठीण नाहीत. एका रस्त्याला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकच उत्तरदायी यंत्रणा असावी आणि तिच्या नावाची पाटी त्या रस्त्यावर असावी. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील शहरांचे अनुदान हवेचा दर्जा, पाणी आणि स्वच्छतेशी जोडले होते. त्याच धर्तीवर चालण्याजोग्या पदपथांची लांबी ही अनुदानाची अट करता येईल. दर चारशे-पाचशे पावलांवर बाक, बाजारात वापरण्याजोगे शौचालय, रुग्णालयासमोरच्या दिव्याला दहा सेकंद अधिक, एवढ्यानेही फरक पडेल. सिंगापूरने २००९ पासून अशी सोय केली आहे, की ज्येष्ठाने आपले सवलतीचे कार्ड दिव्याच्या खांबावर टेकवले की रस्ता ओलांडण्याचा वेळ काही सेकंदांनी वाढतो. सवलत आणि रस्ता यांचा मेळ घालता येतो, तो असा.

याहून महत्त्वाचा प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून दुर्बल घटकांच्या हितरक्षणापर्यंत अठरा विषय नागरी संस्थांकडे सोपवण्याची कल्पना आहे. पण ज्या नगरसेवकाकडे फुटक्या लादीची तक्रार करायची तोच जागेवर नसेल तर? मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातील मोठ्या महापालिकांचा कारभार २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होता. याचा फटका सर्वांनाच बसला. पण ज्यांची हाक गल्लीच्या टोकापलीकडे जात नाही, त्या ज्येष्ठांना सर्वाधिक बसला. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र आयोग स्थापण्याचे विधेयक संमत केले. अन्य राज्यांनी आयोग नेमला नाही तरी निदान प्रत्येक प्रभाग समितीत ज्येष्ठांचा एक आवाज असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

मतदान आटोपले की शाळेच्या दारातील लाकडी रॅम्प उचलून गोदामात जातो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पायऱ्या पूर्ववत होतात. पाच वर्षांनी तो पुन्हा बाहेर येतो. मधल्या काळात त्या दाराशी येऊन माघारी वळलेल्यांची नोंद कोणत्याच यादीत होत नाही. तो रॅम्प सिमेंटचा करायला कायदा लागत नाही, विधेयक लागत नाही. दोन पोती सिमेंट लागते आणि ते आपले काम आहे, असे म्हणणारा एक अधिकारी लागतो.